सर्वगुणसंपन्न रिमोट

मुंबईकरांच्या टीपॉयवर दुसरा रिमोट कधी आला, त्याची तारीख सांगता येते: ३१ ऑक्टोबर २०१२. शहरातली अ‍ॅनालॉग केबल बंद करायची मुदत त्या दिवशी संपली. ज्यांनी तोवर छत्री बसवली नव्हती त्यांच्याकडेही सेट-टॉप बॉक्सचा डबा आला आणि डब्यामागोमाग त्याचा रिमोट आला. पुढे साउंडबार आला, नेटवरचं टीव्हीत दाखवणारी स्टिक आली, एसी तर होताच. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये माणसं चार नि रिमोट पाच झाले, की घरातलं कोणीतरी वैतागून लॅमिंग्टन रोडला जातं आणि युनिव्हर्सल रिमोट घेऊन येतं. आता रिमोट सहा.

तिथे शे-दोनशे रुपयांत जो मिळतो, तो बहुधा एकाच कंपनीच्या सगळ्या टीव्हींना चालणारा असतो. डबा, साउंडबार वगैरे मंडळींशी त्याची ओळखदेख नसते. शिवाय दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला, "पुराना रिमोट लाया क्या?" आणि पुराना रिमोट घरी सोफ्याच्या फटीत असतो. म्हणून निघण्याआधी त्याचे दोन फोटो काढावेत. एक समोरून, सगळ्या बटणांसकट. दुसरा सेल काढून आतल्या नंबराचा. टीव्हीच्या पाठीवरचा मॉडेल नंबरही हवाच. टीव्ही भिंतीला चिकटलेला असेल तर फोनचा हात मागे घालायचा आणि नशिबावर हवाला ठेवून बटण दाबायचं.

या यंत्राची जवळपास सगळी दुखणी एकाच स्वभावातून निघतात. तो बोलतो; ऐकत मात्र काहीही नाही. लग्नाच्या हॉलमध्ये माईक हाती लागलेल्या काकांसारखा. टोकाला बसवलेला एलईडी साधारण ९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश फेकतो. तो प्रकाश सेकंदाला ३८ हजारांच्या आसपास वेळा लुकलुकतो, आणि त्या लुकलुकीचे छोटेमोठे तुकडे म्हणजे हुकूम. तो हुकूम टीव्हीपर्यंत पोचला, की समोर उभ्या राहून कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या माणसाच्या पाठीत विरला, याचा रिमोटला पत्ता नसतो. त्याचा लाल दिवा दोन्ही वेळा तितक्याच आत्मविश्वासाने पेटतो.

अनेक कंपन्यांना चालणाऱ्या रिमोटला, समोरचं उपकरण कोणाचं हे कोडाने सांगावं लागतं. कोड घालायची रीत कागदावर सोपी आहे. "सेट" दाबून धरायचं, दिवा दोनदा लुकलुकला की उपकरणाचं बटण, मग चार आकडे. (कंपनीगणिक क्रम बदलतो, आणि माहितीपत्रकातली अक्षरं मुंगीने वाचायची असतात.) एकेका कंपनीपुढे वीस-पंचवीस कोड असतात आणि लोक फसतात ते इथेच. ज्या पहिल्या कोडाने टीव्ही बंद होतो, तोच बरोबर असं धरून सगळे टाळ्या वाजवतात. तसं नसतं. आवाज, म्यूट, मेनू आणि सोर्स ही चारही बटणं चालली तरच तो कोड आपला. नाहीतर रात्री मॅच रंगात आलेली असताना सोर्सचं बटण दाबाल आणि पडद्यावर रंगांची सेटिंगं उघडतील. बरोबर कोड सापडला की सेलच्या झाकणाच्या आतून मार्करने लिहून ठेवा. स्वस्तातल्या बऱ्याच रिमोटांची स्मरणशक्ती सेलवरच चालते. सेल बदलायला पाचेक मिनिटं लावलीत तर तो सगळं विसरून नव्याने जन्माला येतो.

लर्निंगवाला रिमोट मला जास्त आवडतो. यादीच्या भरवशावर न राहता तो मूळ रिमोटकडून शिकतो. दोघांना टेबलावर तोंडाला तोंड लावून झोपवायचं, मधे दोन ते पाच सेंटिमीटर अंतर, वर ऊन नको. नव्याला शिकायला बसवलं की जुन्याचं बटण एकदा, स्पष्ट, थोडकं दाबायचं. इथे अंगठा दाबून धरणाऱ्यांचा घात होतो. बऱ्याच रिमोटांत पहिल्यांदा पूर्ण हुकूम जातो आणि नंतर दर ११० मिलिसेकंदांनी नुसतं "पुन्हा तेच" एवढंच जातं. नव्याने ते "पुन्हा तेच" टिपलं, तर तो आयुष्यभर तेवढंच म्हणत राहतो आणि टीव्हीला कळत नाही की तेच म्हणजे काय. फिलिप्सच्या जुन्या आरसी-५ पद्धतीत आणखी गंमत आहे. तिथे प्रत्येक नव्या दाबाला हुकुमातला एक बिट, म्हणजे शून्य-एकची एक खूण, उलटतो. शिकलेल्या रिमोटकडे तो बिट गोठलेला असतो, त्यामुळे दुसरा दाब टीव्हीला पहिल्याचाच लांबलेला भाग वाटतो. बावीस नंबरचा चॅनल मागा, तो दोनवर जाऊन बसतो.

खरा तमाशा मात्र "एका बटणात सगळं चालू" या सोयीत आहे. तिला मॅक्रो म्हणतात. एक बटण दाबलं की रिमोट ओळीने टीव्ही, डबा आणि साउंडबार या तिघांना पॉवरचा हुकूम देतो. अडचण अशी, की बहुतेक उपकरणांचा चालूचा हुकूम आणि बंदचा हुकूम एकच असतो. तिघंही झोपलेले असतील तर तिघंही उठतात, फारच छान. पण आजींनी दुपारी मालिका संपल्यावर नुसता टीव्ही बंद केला असेल, तर संध्याकाळी टीव्ही उठतो, डबा झोपतो, साउंडबार झोपतो. पडद्यावर "नो सिग्नल". कोणीतरी पुन्हा तेच बटण दाबतं. टीव्ही झोपतो, उरलेले दोघं उठतात, आणि आता अंधाऱ्या पडद्यातून बातम्या ऐकू येतात. हे चक्र कितीही वेळा फिरवा, तिघांचं एकमत होत नाही. वर रोज रात्री वीज वाचवण्यासाठी भिंतीवरचा मेन स्विच बंद करणारा एक सदस्य प्रत्येक मराठी घरात असतो. सकाळी वीज दिली की एखादा टीव्ही आपोआप चालू होतो, एखादा लाल दिव्यावर थांबतो, डबा आपल्या मर्जीप्रमाणे. हे सगळं रिमोटच्या पाठीमागे चालतं.

उपाय आहेत. मॅक्रो दाबल्यावर रिमोट सगळे हुकूम संपेपर्यंत तसाच रोखून धरायचा. लोक पहिला दिवा लुकलुकताच हात खाली घेतात, तिसरा हुकूम गुडघ्याला लागतो आणि तिघांची फाटाफूट होते. त्याहून बरा उपाय म्हणजे डबा मॅक्रोतून काढून टाकायचा; तो एरवी चालूच ठेवायचा. सर्वात चांगला उपाय वेगळ्या कोडांचा. अनेक टीव्हींत "फक्त चालू" आणि "फक्त बंद" असे स्वतंत्र हुकूम असतात, मूळ रिमोटवर त्यांची बटणं दिली नसली तरी. चांगल्या युनिव्हर्सल रिमोटच्या कोडसंचात ते सापडतात. लॉजिटेकचा हार्मनी रिमोट कोण चालू नि कोण बंद याची वही मनात ठेवायचा, आणि गोंधळ झाला की त्याचं मदतीचं बटण दाबल्यावर विचारायचा, टीव्ही चालू झाला का? २०२१ मध्ये कंपनीने ते रिमोट बनवणं थांबवलं. आमच्याकडे "टीव्ही चालू झाला का?" असा प्रश्न विचारायला घरची माणसं पुरेशी आहेत, हेही खरं.

स्टिकच्या वाटेला मात्र जाऊ नका. टीव्हीमागे लोंबणाऱ्या बहुतेक स्टिका ब्लूटूथवर ऐकतात. इन्फ्रारेड रिमोट तिच्यासमोर नाचला तरी तिला दिसत नाही. तिथे, स्टिक टीव्हीच्या ज्या भोकात बसते त्या एचडीएमआयची सीईसी नावाची सोय कामाला येते. एचडीएमआयच्या तेरा नंबरच्या पिनेवरून उपकरणं आपापसात बोलतात, आणि मुख्य म्हणजे ऐकतात. टीव्हीच्या साध्या रिमोटने स्टिक हलते, आवाजाचं बटण साउंडबारला लागू पडतं. सेटिंगमध्ये ते शोधताना सीईसी नावाने सापडेलच असं नाही. सॅमसंग त्याला एनीनेट म्हणतं, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. साउंडबारची वायर एआरसी लिहिलेल्याच भोकात घालायची, नाहीतर आवाज टीव्हीतूनच येत राहील. मला विचाराल, तर हे जमलं की युनिव्हर्सल रिमोटची अर्धी गरज संपते.

रिमोट अजिबात चालत नसेल तर टोक फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट जिवंत आहे, कोड चुकलाय. ठिपका नाही तर आधी सेल बघा. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत स्प्रिंगांवर गंज धरतो. अल्कलाइन सेल गळून पांढरी पूड आली असेल तर इअरबडवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या. रिमोट तळहातावर आपटल्यावर चालतो, हा आपला राष्ट्रीय शोध चुकीचा नाही; आपटल्याने सेल जागेवर फिरतात आणि टोकांवरचा मळ खरवडला जातो. तेच काम सेल अंगठ्याने जागच्या जागी फिरवून होतं, आणि आतलं काही तुटत नाही. काही बटणं चालतात नि काही नाहीत, तर खालच्या रबराचा तेलकटपणा सर्किटवर उतरलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, ब्लेडने खरवडायचा नाही. आणि ते प्लास्टिकचं कव्हर! त्याचं टोक वर्षभरात धुरकट होतं, नेमकं एलईडीसमोर. ते काढा म्हटलं तर घरात भांडण होतं, म्हणून निदान टोकाशी कात्रीने कापा.

एसीला मात्र सर्वगुणसंपन्न रिमोटाखाली आणू नये. त्याचा रिमोट दर दाबाला तापमान, मोड, पंखा अशी सगळी परिस्थिती एकदम पाठवतो. दोन रिमोट वापरात असले की एकावर २४ दिसतं, दुसऱ्यावर २७, आणि एसी शेवटी ज्याचं बटण दाबलं त्याचं ऐकतो. पंखा कमी करायला म्हणून कोणी दुसरा उचलला, की तापमानही गुपचूप बदलतं. एकाचे सेल काढून ठेवायचे. कुणाचे, ते घरातल्यांनी आपसात ठरवावं.