‘कोट्यवधी फोनवर चालतंय ना, मग अडवता कशाला?’

एम्बेडेडवाल्यांच्या, म्हणजे उपकरणांच्या आतल्या चिपांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या, ग्रुपांवर एक पोस्ट सध्या जोरात फिरते आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, प्रोसेसरची फ्रिक्वेन्सी आणि मेमरीची बँडविड्थ (सेकंदाला किती डेटा ये-जा करेल ते) कमी-जास्त करणारा ड्रायव्हर म्हणजे काहीशे ओळी आणि एक टेबल. चिप कंपनीचा तोच कोड कोट्यवधी फोनवर चालतो, बेंचमार्कचे आकडे उत्तम येतात आणि चुकलंच काही तर फार तर फोन तापेल. तरी रिव्ह्यू करणारे स्वल्पविरामासाठी पॅच (कोडमधला सुचवलेला बदल) पुन्हा पुन्हा परत पाठवतात. असा पॅच ज्याने पाठवलाय त्याला हा वैताग पटेल. मुद्दे पटण्यासारखे नाहीत.

‘नुसतं टेबल’. टेबल आहे, खरंच आहे. प्रत्येक ओळीत फ्रिक्वेन्सी, तिला लागणारं व्होल्टेज आणि त्या वेगाला पुरेल एवढी मेमरी बँडविड्थ. पण एका ओळीवरून दुसरीवर जायचं कसं, हे टेबल सांगत नाही. वेग वाढवताना आधी बँडविड्थ आणि व्होल्टेज वाढवायचं, मग क्लॉक, म्हणजे फ्रिक्वेन्सी. उतरताना आधी क्लॉक, मग बाकीचं. हा क्रम उलटा लिहिला तर क्षणभर चिप कमी व्होल्टेजवर जास्त वेगाने धावते. बहुतेक वेळा काहीच होत नाही. कधीतरी बोर्ड गोठतो आणि लॉगमध्ये त्याचा मागमूस नसतो.

शिवाय हा बदल करायला सांगतं कोण? कर्नल ४.७ पासून, म्हणजे २०१६ पासून, शेडयुटिल हा गव्हर्नर, म्हणजे वेग किती हवा ते ठरवणारा भाग, आहे. ड्रायव्हरने परवानगी दिली असेल तर तो शेड्युलरच्या (कोणतं काम कधी चालवायचं ते ठरवणाऱ्या भागाच्या) पोटातूनच, काम चालू असताना, थेट फ्रिक्वेन्सी बदलतो. त्याला ‘फास्ट स्विच’ म्हणतात. त्या वाटेवर झोपायला, म्हणजे कशाची वाट बघत थांबायला, मनाई आहे. आणि इंटरकनेक्टकडे, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी जोडणाऱ्या चिपमधल्या जाळ्याकडे, बँडविड्थ मागणारं फंक्शन म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घेतं, म्हणजे ते झोपू शकतं. दोन्ही एकत्र नांदत नाहीत. क्वालकॉमच्या मेनलाइन (लिनक्सच्या मूळ शाखेतल्या) ड्रायव्हरमध्ये हा निवाडा एका साध्या इफ-एल्समध्ये आहे: डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या हार्डवेअरच्या वर्णनात) ओपीपी टेबल, म्हणजे वर सांगितलेलं टेबल, सापडलं तर बँडविड्थ स्केलिंग चालू, नाही सापडलं तर फास्ट स्विच चालू. टेबलाचे आकडे कितीही वेळा तपासले तरी ही गोष्ट नजरेस पडत नाही. ती पाहायला कोड कुठून बोलावला जातो हे माहीत असावं लागतं.

‘कोट्यवधी फोनवर चालतो’. चालतो, त्या चिपवर आणि त्या कर्नलवर. सीपीयूफ्रीक हा कर्नलचा प्रोसेसरचा वेग सांभाळणारा भाग किलोहर्ट्झमध्ये मोजतो, टेबल सांभाळणारी ओपीपी लायब्ररी हर्ट्झमध्ये. मध्ये कुठेतरी हजाराने गुणावं लागतं. हा गुणाकार ३२ बिटांच्या अनसाइन्ड इंटमध्ये (ऋण नसलेल्या पूर्णांकात) केला तर ४,२९,४९,६७,२९५ च्या पुढे आकडा गुंडाळला जाऊन शून्यापासून सुरू होतो. ४.२९ गिगाहर्ट्झच्या खालच्या फोनवर ही चूक वर्षानुवर्षं सुखाने नांदेल. २०२४ मध्ये आलेल्या स्नॅपड्रॅगन ८ एलिटचा वरचा वेग ४.३२ गिगाहर्ट्झ आहे; त्याच गुणाकारातून तो सुमारे २५ मेगाहर्ट्झ म्हणून बाहेर येईल. जुन्या फोनांची संख्या इथे काहीच सिद्ध करत नाही.

‘बेंचमार्क उत्तम आहे’. हाच मुद्दा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण या प्रकारच्या ड्रायव्हरमध्ये चूक असली की बेंचमार्क अनेकदा सुधारतो! ६४ बिट रुंदीच्या, ४२६६ वेगाच्या एलपीडीडीआर४एक्स मेमरीची कमाल बँडविड्थ सेकंदाला साधारण ३४ गिगाबाइट. इंटरकनेक्ट फ्रेमवर्क किलोबाइटमध्ये मोजतं. कुणी किलोबिटचा आकडा तसाच भरला तर, एका बाइटात आठ बिट असल्याने, मागणी आठपट होते आणि मेमरी किरकोळ कामालाही वरच्या वेगावर जाऊन बसते. आलेख झकास, बॅटरी मात्र संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

दुसरी गंमत बूटच्या वेळची. इंटरकनेक्टचे बरेच ड्रायव्हर सुरुवातीला बँडविड्थ कमाल ठेवतात. ती मागणाऱ्या सगळ्या उपकरणांचे ड्रायव्हर हजर झाले की मगच ती प्रत्यक्ष मागणीवर उतरते. आता समजा सीपीयूच्या ड्रायव्हरने मागणीच नोंदवली नाही आणि डेव्हलपरच्या बोर्डावर कॅमेऱ्याचा ड्रायव्हर बिल्डमध्येच नाही. हजेरी पूर्ण होत नाही, बँडविड्थ कमालच राहते, चाचणी पास. ग्राहकाच्या पूर्ण सिस्टिमवर मात्र प्रोसेसर पूर्ण वेगाने मेमरीची वाट बघत बसतो.

आणि शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही, कारण या भांड्यातली शितं सारखी शिजलेली नसतात. एकाच नावाच्या चिपा फॅक्टरीत वेगवेगळ्या स्पीड बिनमध्ये, म्हणजे वेगाच्या गटांत, पडतात. कोणत्या चिपला टेबलातली कोणती ओळ झेपेल हे चिपमधल्या फ्यूजमध्ये (एकदाच लिहिता येणाऱ्या नोंदीत) लिहिलेलं असतं. ते न वाचणारा ड्रायव्हर तुमच्या मेजावरच्या बोर्डावर निर्दोष असेल, शेजाऱ्याच्या नाही.

‘फार तर तापेल’. २०१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘क्लॉकस्क्रू’ नावाचा हल्ला दाखवला. नेक्सस ६ फोनवर, कर्नलच्या हातात असलेल्या फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेजच्या नियंत्रणातूनच त्यांनी प्रोसेसरला गणितात चुकायला लावलं आणि ट्रस्टझोनमधली (प्रोसेसरमधल्या सुरक्षित कप्प्यातली) गुप्त किल्ली काढली. २०१९ मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ने इंटेलच्या एसजीएक्स या तशाच सुरक्षित कप्प्यावर व्होल्टेज उतरवून तसाच खेळ केला. फ्रिक्वेन्सी-व्होल्टेजची मर्यादेबाहेरची जोडी ड्रायव्हरने मुकाट्याने स्वीकारायची की नाकारायची, हा प्रश्न रिव्ह्यूत विचारला जातो तो उगाच नाही.

पोस्टखाली कुणीतरी ‘परदेशी लोक आपल्याला अडवतात’ असंही लिहिलंय. सीपीयूफ्रीक आणि ओपीपी, दोन्हींच्या मेंटेनरांत (कोड सांभाळणाऱ्यांत) विरेश कुमार हे नाव वर्षानुवर्षं आहे. पुढे जाऊ.

‘स्वल्पविरामासाठी अडवतात’. इथे पोस्टला थोडं झुकतं माप देतो. हेडरचा क्रम, रिकाम्या ओळी यांवर पॅच परत आला की चिडचिड होते, आणि काही वेळा ती रास्तही असते. पण ज्याला स्वल्पविराम म्हटलं जातं त्यातलं बरंचसं डिव्हाइस ट्रीच्या बाइंडिंगबद्दल, म्हणजे त्यातली नावं आणि एककं कशी लिहायची या नियमांबद्दल, असतं. बाइंडिंग एकदा स्वीकारलं की जुन्या बोर्डाचा डीटीबी (तयार डिव्हाइस ट्रीची फाइल) नव्या कर्नलवर चालायलाच हवा, ही अपेक्षा मागे लागते. ड्रायव्हरमधली चूक पुढच्या रिलीजमध्ये दुरुस्त होते. बोर्डाबरोबर गिऱ्हाइकाकडे गेलेल्या डीटीबीतलं एकक नसलेलं नाव असं परत घेता येत नाही. ओपीपी टेबलातल्या बँडविड्थच्या नावाच्या शेवटी ‘केबीपीएस’ जोडलेलं असतं आणि त्यातला बी मोठ्या लिपीतला, म्हणजे बाइटचा, असतो. तो छोटा लिहिला म्हणून पॅच परत आला तर रिव्ह्यू करणाऱ्याने स्वल्पविराम पाहिलेला नाही.