गुलाबी भिंती, छत्र्यांचं दुकान आणि थकलेलं देणं

फ्रेंच दिग्दर्शक जाक देमीच्या सिनेमांबद्दल कुठेही काही लिहून आलं की ‘गोड’, ‘हलकाफुलका’, ‘डोळ्यांना सुखद’ हे शब्द ठरलेलेच. पोस्टरवर छत्री, सोनेरी केसांची देखणी नायिका, मागे व्हायोलिन. तेवढ्याच अपेक्षेने बसलेला माणूस मग दहा मिनिटांत उठतो, नाहीतर शेवटपर्यंत बसून डोळे पुसतो आणि हे असं का झालं ते त्याला सांगता येत नाही. माझ्या मते या सिनेमांची सगळी मोहिनी एका जोडणीत आहे. गोष्ट असते थकलेल्या पैशांची, लष्करातल्या सक्तीच्या नोकरीची, लग्नाच्या व्यवहाराची. आणि ती सांगितली जाते भडक रंगवलेल्या खोल्यांमधून, गाऊन.

1964 चा ‘द अंब्रेलाज ऑफ शेरबूर’ घ्या. त्या वर्षी फ्रान्समधल्या कान (Cannes) चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. शेरबूर हे फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातलं पावसाळी बंदर. तिथे एका विधवा बाईंचं छत्र्यांचं दुकान आहे, आणि ते तोट्यात आहे. मुलगी जनव्हिएव्ह सतरा वर्षांची. तिचं गीवर प्रेम आहे, तो गॅरेजात मेकॅनिक. काळ 1957 चा, फ्रान्सच्या ताब्यातल्या अल्जीरियात युद्ध पेटलेलं, आणि गीला लष्कराचं बोलावणं येतं. तो जातो, मागे ती गरोदर असते, पत्रं विरळ होत जातात, आणि हिऱ्यामोत्यांचा व्यापार करणारा एक सभ्य, पैसेवाला माणूस दारात उभा राहतो. खलनायक कोणीच नाही. आईसुद्धा तिच्या बाजूने बरोबरच आहे, हे दुसऱ्यांदा पाहताना जास्त जाणवतं.

यातला एकही शब्द बोललेला नाही. ‘तेल बदललं का?’, ‘जेवायला काय आहे?’, पेट्रोल पंपावरचं ‘सुपर की साधं?’, सगळं गायलेलं. संगीत मिशेल लग्राँचं. गाण्यात सहसा यमकं येतात, उपमा येतात; इथे शब्द मुद्दाम रोजच्या वापरातले आणि चाल मात्र काळीज पिळवटणारी. सुरुवातीलाच गॅरेजातला एक कामगार म्हणतो की आपल्याला ऑपेरा आवडत नाही, सिनेमा बरा. हेही तो गाऊनच म्हणतो. देमीने पहिल्या काही मिनिटांत प्रेक्षकाशी करार करून टाकलाय: इथे कुणी ‘गाणं म्हणत’ नाही, इथली माणसं अशीच बोलतात.

हे करायचं कसं, हा भाग मला फार मोलाचा वाटतो. संपूर्ण संगीत आणि सगळे आवाज चित्रीकरणाच्या आधी ध्वनिमुद्रित झाले होते. पडद्यावर जनव्हिएव्ह झालेली कातरीन दनव, आवाज दानिएल लिकारीचा. गी झालेल्या नीनो कास्तेल्नुओव्होला आवाज जोसे बार्तेलचा, आईच्या भूमिकेतल्या आन व्हेर्नोंला क्रिस्तियान लग्राँचा, म्हणजे संगीतकाराच्या बहिणीचा. पार्श्वगायन आपल्याला नवं नाही. पण आपल्याकडे गाणं पाच मिनिटांत संपतं आणि नट पुन्हा स्वतःच्या आवाजात बोलायला लागतो. इथे दीड तास सुटका नाही. प्रत्येक विराम, प्रत्येक उसासा फितीवर आधीच मोजलेला. दारापासून काउंटरपर्यंत चालायला संगीतात चार सेकंद असतील तर नटीने चारच सेकंदांत पोचलं पाहिजे. खोली मोठी निघाली तर ती धावल्यासारखी दिसणार, लहान निघाली तर उगाच घुटमळणार. त्यामुळे नुसतं गाणं पाठ असून भागत नाही. सेटवरची अंतरं, टेबलाची जागा, कॅमेऱ्याच्या ट्रॉलीचा वेग, सगळं त्या फितीला बांधलेलं असतं. शिवाय लांब आलापात ओठ जरा मागेपुढे झाले तरी खपून जातात. बोलण्याच्या वेगाने गायलेल्या वाक्यात ‘प’, ‘ब’, ‘म’ला ओठ मिटले नाहीत की क्लोज-अपमध्ये लगेच उघडं पडतं. दनवचा चेहरा या कसोटीवर बघा. गळा, श्वास, पापण्या, सगळं त्या परक्या आवाजाचंच वाटतं.

एका जागी तर चालणंच काढून टाकलंय. गी आणि जनव्हिएव्ह गल्लीतून जातात, सोबत सायकल, पण पाय हलत नाहीत. दोघं कॅमेऱ्याच्या ट्रॉलीवरच उभे आहेत आणि मागच्या भिंती सरकताहेत. निरोप जवळ आलाय, आणि ज्यांच्या हातात आता काहीच उरलेलं नाही अशी दोन माणसं नुसती वाहून नेली जाताहेत. ही युक्ती लपवलेली नाही, म्हणून तर ती लागते.

आता रंग. कला-दिग्दर्शक बेर्नार एव्हँ, वेशभूषा जाकलीन मोरो. चित्रीकरण शेरबूरमधल्या खऱ्या जागांवर झालं, पण भिंतींना नवे रंग दिले, खोल्यांना झगझगीत वॉलपेपर लावले. म्हणजे रंग आधी भिंतीवर, कापडावर, लाकडावर चढवलेला आहे. नंतर प्रयोगशाळेत चोळलेला नाही. गरोदर जनव्हिएव्हचा फुलाफुलांचा पोशाख मागच्या वॉलपेपरशी इतका मिळताजुळता आहे की ती भिंतीत विरघळते आहे असं वाटतं. आईच्या घराने तिला गिळलंय, आणि हे सांगायला एक शब्दही खर्च झालेला नाही. पुढे गी परत येतो तेव्हा छत्र्यांचं दुकान गेलेलं असतं, आणि त्या जागी कोरं पांढरं, वॉशिंग मशिनचं दुकान येतं. शेवटच्या प्रसंगात रात्र, बर्फ आणि पेट्रोल पंप. रंग टप्प्याटप्प्याने काढून घेतलेत हे तेव्हा ध्यानात येतं.

हा रंग एकदा जवळजवळ हातचा गेला होता. त्या काळच्या ईस्टमनकलर फिल्मवरचे रंग कालांतराने उडतात. बहुतेक वेळा निळसर थर आधी विरतो आणि सगळी प्रिंट लालसर-तपकिरी पडते. ज्या सिनेमाचा अर्थच निळ्या-गुलाबीच्या फरकावर उभा आहे, त्याचं यात काय उरणार? देमीने मात्र तीन मूळ रंगांची वेगवेगळी नोंद ठेवणाऱ्या तीन कृष्णधवल प्रती करवून ठेवल्या होत्या. कृष्णधवल फिल्ममधली चांदी रंगद्रव्यांसारखी उडत नाही. त्या तीन प्रती एकावर एक बसवल्या की मूळ रंग परत मिळतो. त्यातही एक गोम असते: तिन्ही पट्ट्या वर्षानुवर्षांत सारख्या प्रमाणात आक्रसत नाहीत, आणि केसभर सरकल्या तरी माणसाच्या कडेला रंगीत झालर दिसते. देमी 1990 मध्ये गेला. त्यानंतर त्याच्या पत्नीने, म्हणजे स्वतः थोर दिग्दर्शिका असलेल्या आन्येस व्हार्दाने, हा सिनेमा त्या प्रतींवरून पुन्हा उभा केला. 2013 मध्ये त्याची डिजिटल आवृत्ती आली. तुम्ही बघाल ती प्रत फिकट आणि लालसर असेल तर ताबडतोब बंद करा आणि पुनरुज्जीवित आवृत्ती शोधा. हा हट्ट धरण्यासारखा आहे.

बघताना टीव्हीचं चित्र ‘व्हिव्हिड’वर असेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’वर आणा. आधीच गडद असलेला गुलाबी ‘व्हिव्हिड’मध्ये पेटतो आणि वॉलपेपरवरची नक्षी बुजून जाते. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, नाहीतर ट्रॉलीचे ते सुंदर प्रवास मालिकेसारखे दिसतात. ‘शेरबूर’ची चौकट (रुंदीचं उंचीशी प्रमाण) 1.66:1 आहे, म्हणून डाव्या-उजव्या बाजूला बारीक काळ्या पट्ट्या येणारच. चित्र ताणून त्या घालवू नका. इंग्रजीत डब केलेलं घेऊ नका, फ्रेंच आवाज आणि खाली सबटायटल. सबटायटलही साध्या वाक्यांची हवीत. काही ठिकाणी हौसेने यमकं जुळवलेली असतात, आणि मग ‘सुपर की साधं?’ची सगळी ताकदच जाते.

तीन वर्षांनी, 1967 मध्ये, ‘द यंग गर्ल्स ऑफ रोशफोर’ आला. याचा स्वभाव उलटा: भर उन्हातला, जॅझकडे झुकलेला, नाचणारा. रोशफोर हे नौदलाचं जुनं गाव. देमीच्या माणसांनी तिथल्या घरांना आणि खिडक्यांच्या झडपांना रंग दिले, आणि गावचा चौक, प्लास कोलबेर, नाचाचा रंगमंच झाला. सुरुवात नदीवरच्या 1900 सालच्या लोंबत्या पुलावर होते: वरच्या लोखंडी सांगाड्याला टांगलेला तराफा माणसं आणि ट्रक घेऊन पलीकडे सरकतो, आणि त्यावरच नाच सुरू होतो. दनव आणि तिची सख्खी बहीण फ्रांस्वाझ दोर्लेआक पडद्यावर जुळ्या बहिणी झाल्यात. पाहुणा म्हणून चक्क हॉलिवूडचा नर्तक-नट जीन केली. मुख्य कलावंतांपैकी स्वतःच्या गळ्याने गायली ती एकटी दानिएल दारिए, या बहिणींची आई झालेली. सिनेमा मार्चमध्ये लागला आणि त्याच जूनमध्ये दोर्लेआक मोटार अपघातात गेली. ते ठाऊक असताना दोघींचं एकत्र गाणं बघणं सोपं जात नाही.

‘रोशफोर’ची चौकट मात्र 2.35:1 आहे. इथे पट्ट्या वर-खाली येतात, आणि झूम केलंत तर कडेचे नाचणारे कापले जातात. हे महत्त्वाचं, कारण देमी खरी गंमत कडेलाच ठेवतो. पुढे प्रेमगीत चालू आणि मागून सैनिकांची तुकडी कवायत करत जाते. एका जेवणाच्या प्रसंगी सगळे अलेक्झांद्रिन या जुन्या फ्रेंच काव्यछंदात, यमकं जुळवत बोलतात, गात नाहीत, आणि त्याच सिनेमात एका बाईचे तुकडे करणारा खुनी शांतपणे पंगतीत बसून गेलेला असतो. आणि ज्या दोघांनी भेटावं म्हणून आपण दोन तास जीव टाकतो, ती दोघं कॅफेत एकाच जागी येऊन, एक बाहेर पडताच दुसरं आत, अशी चुकत राहतात.

क्रम विचाराल तर आधी 1961 चा ‘लोला’ बघा. कृष्णधवल आहे, नाँत या फ्रेंच शहरात घडतो, संगीतपट नाही. पण त्यातलाच रोलाँ कासार पुढे ‘शेरबूर’मध्ये दारात उभा राहणारा तो सभ्य माणूस आहे. तिथे तो आपल्या जुन्या प्रेमाविषयी गातो तेव्हा चाल ‘लोला’तलीच येते, आणि कॅमेरा नाँतच्या रिकाम्या पासाज पोमरेमधून, म्हणजे तिथल्या छत असलेल्या बाजारगल्लीतून, फिरून येतो. ‘लोला’ न पाहिलेल्याला तो निव्वळ श्रीमंत स्थळ वाटतो. पाहिलेल्याला कळतं की हाही एका हरलेल्या प्रेमातूनच इथवर आलाय, आणि मग जनव्हिएव्हच्या लग्नाकडे बघायची नजरच बदलते. तिन्ही पचले की 1982 चा ‘उन शाँब्र आँ व्हिल’ घ्या: पुन्हा नाँत, 1955 चा जहाजबांधणी कामगारांचा संप, पुन्हा प्रत्येक शब्द गायलेला. संगीत या खेपेला लग्राँचं नाही, मिशेल कोलोंबिएचं आहे. सुरुवातीलाच संपकरी आणि पोलीस समोरासमोर उभे राहून गातात.