मोरिआर्टी नेमका किती कथांत येतो?

शेरलॉक होम्सच्या चाहत्यांनी केलेल्या याद्यांमध्ये होम्सचा कट्टर शत्रू प्रोफेसर मोरिआर्टीच्या नावापुढे सात कथा सापडतात. नाव सात ठिकाणी आहे, कबूल. पण नाव निघालं म्हणजे माणूस आला का?

'द नॉरवुड बिल्डर'च्या सुरुवातीला होम्स कुरकुरतो की मोरिआर्टी गेल्यापासून लंडनमध्ये काही राम उरला नाही. झालं, एवढंच! याला हजेरी म्हणणं मला मुळीच पटत नाही. यादी बघून मोरिआर्टीसाठी ती कथा उघडणाऱ्या नव्या वाचकाची ही चक्क फसवणूक आहे.

उलट, वॉटसनने, म्हणजे या कथा सांगणाऱ्या होम्सच्या मित्राने, स्वतः पाहिलं तरच धरायचं, हा हट्टही चुकीचा. तसं केलं तर 'द फायनल प्रॉब्लेम'मध्येसुद्धा (1893) मोरिआर्टी जेमतेमच उरतो. गाडी सुटताना व्हिक्टोरिया स्टेशनवर गर्दीतून मुसंडी मारणारा एक उंच माणूस आणि धबधब्याकडे झपाझप जाणारी एक काळी आकृती, बस्स. बेकर स्ट्रीटवरची ती जबरदस्त भेट होम्सच्या तोंडून कळते. धबधब्याच्या काठावरची झटापट तर पुढे 'द एम्प्टी हाऊस'मध्ये कळते, तीही होम्सच सांगतो. मग हे प्रसंग काय वगळायचे? मोरिआर्टी जो आपल्या मनात बसलाय तो याच प्रसंगांमुळे!

म्हणून माझा निकष असा: त्या पात्राने केलेलं काहीतरी त्या कथेत पहिल्यांदा आपल्यापुढे आलं पाहिजे. कोणी पाहिलं, कोणी सांगितलं, हा प्रश्न दुय्यम. या हिशेबाने 'द फायनल प्रॉब्लेम' आणि 'द एम्प्टी हाऊस' या दोन कथा धरायच्या आणि तिसरी 'द व्हॅली ऑफ फिअर'. त्या कादंबरीत मोरिआर्टी एकदाही समोर येत नाही. पण (न वाचलेल्यांनी पुढची दोन वाक्यं सोडा) शेवटी होम्सच्या हाती ती खिजवणारी चिठ्ठी पडते आणि मोरिआर्टी ज्याच्या जिवावर उठलेला असतो तो डग्लस बोटीवरून समुद्रात नाहीसा झाल्याची बातमी येते. न दिसता एवढं करणारा माणूस त्या कादंबरीत नाही, असं मी तरी म्हणणार नाही. बाकी चार ठिकाणी फक्त उल्लेख.

होम्सचा भाऊ मायक्रॉफ्ट याच्या बाबतीत तर अन्यायच होतो. 'द फायनल प्रॉब्लेम'मध्ये वॉटसनला स्टेशनवर पोचवणारा, काळ्या झग्यात गुंडाळलेला धिप्पाड कोचवान म्हणजे मायक्रॉफ्ट, हे होम्स नंतर सांगतो. वॉटसनने ओळखलं नाही, तरी गाडी हाकली त्यानेच ना? 'द ग्रीक इंटरप्रिटर' आणि 'द ब्रूस-पार्टिंग्टन प्लॅन्स' एवढ्या दोनच कथा त्याच्या नावावर लिहिणाऱ्यांनी ही तिसरी जोडायलाच हवी.