मिठाचा हिशेब आठवणीवर चालत नाही

‘आहारावरचं सगळं संशोधन थाप आहे. काय खाल्लं ते लोकांना विचारतात, लोक खोटं सांगतात, तेही एकाच दिवसाचं. म्हणून मीठ कमी करा वगैरे विसरा, मनसोक्त खा.’ हा मेसेज गेले पंधरा दिवस फिरतोय. मी तो सोडून दिला असता. पण काल मावशी ताटात वरून मीठ घेताना दिसली. तिला बीपीच्या गोळ्या चालू आहेत. विचारलं तर म्हणाली, “अगं, ते सगळं खोटं निघालं म्हणे.”

म्हणून आधी मिठाचंच बोलते. २००१ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला ‘डॅश-सोडियम’ प्रयोग बघा (सोडियम म्हणजे मिठातला मुख्य घटक). ४१२ माणसं, आणि त्यांचं जेवण संशोधकांनीच पुरवलेलं. मिठाच्या तीन पातळ्या. प्रत्येकाने प्रत्येक पातळीवर ३० दिवस काढले. मीठ उतरलं तसा रक्तदाबही उतरला, आणि ज्यांचा आधीच जास्त होता त्यांचा अधिक. यात कुणाच्या सांगण्यावर काय अवलंबून होतं?

शिवाय मीठ विचारून नीट कळत नाही, हे संशोधकांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून २४ तासांची लघवी गोळा करतात. सकाळची पहिली टाकून द्यायची, तिथून दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिलीपर्यंतची सगळी डब्यात, बाहेर गेलात तर डबा बरोबर. पोटात गेलेल्या सोडियमपैकी साधारण ९० टक्के त्यात सापडतं.

लोक कमी सांगतात, हे मात्र खरं. २००३ साली छापून आलेल्या ‘ओपन’ अभ्यासात ४८४ जणांचं शरीर खरोखर किती ऊर्जा, म्हणजे कॅलरी, वापरतं ते खास खुणेचं पाणी (ज्यातले अणू शरीरातून बाहेर पडताना ओळखता येतात) पाजून मोजलं. पुरुषांनी नेहमीच्या खाण्याच्या प्रश्नावलीत ती ३१ ते ३६ टक्के कमी सांगितली होती. कालच्या दिवसाचं विचारलं तेव्हा १२ ते १४ टक्के. स्त्रियांचे आकडे थोडे आणखी वाईट. प्रश्नावलीवरून कॅलरीचे ठाम आकडे देणाऱ्यांवर माझाही विश्वास नाही. पण ही चूक संशोधकांनीच शोधून, मोजून छापली आहे. आणि सगळं खोटंच असतं असं नाही. स्वयंपाक करताना चाखलेला घास कुणाच्या लक्षात राहतो?

एका दिवसाचं म्हणाल, तर नेहमीची सवय बघायची असते तेव्हा वेगवेगळ्या दिवशी पुन्हा विचारतात, सुट्टीचा दिवसही धरतात.

मावशीच्या ताटाजवळचं मीठ मी उचलून आत ठेवलंय. ज्याने तो मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला, त्याने हेही तिथेच टाकावं.