पर्ल जॅम आणि त्यांचं फसलेलं वर्ष

पर्ल जॅम या अमेरिकन रॉक बँडच्या लाइव्ह कार्यक्रमांचा सगळ्यात भारी काळ कोणता, यावर परवा मित्राशी चांगलीच जुंपली. तो १९९२ वर अडून बसला. त्यांचा गायक एडी व्हेडर स्टेजच्या सांगाड्यावर चढायचा, वरून थेट गर्दीत उडी ठोकायचा, ते वर्ष. मी म्हटलं १९९५. त्यावर तो हसला, कारण त्या वर्षी त्यांचं निम्मंशिम्मं फसलंच होतं.

माझी ओळख कॅसेटवरची. होस्टेलवर एका सिनियरनं टीडीकेची नव्वद मिनिटांची कॅसेट भरून दिली होती : अटलांटा, फॉक्स थिएटर, ३ एप्रिल १९९४. तो कार्यक्रम रेडिओवरून थेट प्रसारित झाला होता, त्यामुळे आवाज स्वच्छ. पण सगळा काही नव्वद मिनिटांत मावत नव्हता. ए बाजू एका गाण्याच्या ऐन मधे खटकन संपायची. आज तेच गाणं फोनवर सलग वाजतं, तरी त्या जागी माझे कान खटक्याची वाट बघतात. त्या कार्यक्रमानंतर पाचव्या दिवशी निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेन गेल्याची बातमी आली. ते माहीत असलं की ती कॅसेट जरा वेगळीच ऐकू येते.

त्याच वर्षी पर्ल जॅमनं तिकीटमास्टर या तिकीट विकणाऱ्या कंपनीशी पंगा घेतला. मागणी साधी होती : तिकीट १८ डॉलरच्या आसपास आणि वरचा सर्व्हिस चार्ज १ डॉलर ८० सेंटपेक्षा जास्त नको. पण अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या हॉलचे करार त्याच कंपनीशी बांधलेले. ३० जून १९९४ ला बँडचे गिटारिस्ट स्टोन गोसार्ड आणि बेसिस्ट जेफ अमेंट अमेरिकन संसदेच्या उपसमितीपुढे साक्ष द्यायला गेले. पुढे जुलै १९९५ मध्ये सरकारनं तिकीटमास्टरची चौकशी गुंडाळली.

चौकशी गुंडाळण्याआधीच, त्या उन्हाळ्यात बँड दौऱ्यावर निघाला. तिकीटमास्टरचे हॉल टाळायचे म्हणून सुरुवात कुठून, तर वायोमिंगमधल्या कॅस्परहून! इथं मी बँडची बाजू डोळे झाकून घेणार नाही. तिकिटात चार डॉलर वाचवायचे आणि आडगावी पोचायला पेट्रोल जाळायचं, हा हिशोब चाहत्यांच्याच गळ्यात पडला.

आणि मग २४ जून, सॅन फ्रान्सिस्को, गोल्डन गेट पार्क. पन्नासेक हजार माणसं. व्हेडरचं पोट बिघडलेलं. सात गाणी कशीबशी झाली आणि तो आत निघून गेला. पुढे जुना रॉक गायक नील यंग उभा राहिला. नुकताच या मंडळींनी त्याच्यासोबत अख्खा अल्बम केला होता, म्हणून आयत्या वेळी त्याच्यामागे वाजवणं जमलं. लोकांनी हुर्यो केली. मीही केली असती, खोटं कशाला बोलू? पण आजारी गायकाविना तो बँड एका म्हाताऱ्याला (तेव्हा त्याचं वय ४९, म्हणजे माझ्याएवढंच, असो) साथ करत राहिला, ते मला कुठल्याही उडीपेक्षा मोठं वाटतं.

उरलेला दौरा रद्द जाहीर झाला. मग त्यातले काही कार्यक्रम पुन्हा ठरले आणि ११ जुलैला शिकागोच्या सोल्जर फील्डवर हेच लोक तीसेक गाणी वाजवून गेले. ड्रमवर जॅक आयरन्स. हा तोच माणूस, ज्यानं १९९० मध्ये सॅन डिएगोत पेट्रोल पंपावर रात्रपाळी करणाऱ्या व्हेडरच्या हातात या लोकांची डेमो कॅसेट ठेवली होती. आधीचा डेव्ह अब्रुझीज जास्त सफाईदार होता, मान्य. पण आयरन्स आल्यावर गाण्यांना श्वास घ्यायला जागा मिळाली, हे माझं ठाम मत.

१९९८ ला ते पुन्हा तिकीटमास्टरच्याच हॉलमध्ये वाजवायला लागले. मित्राचा मुद्दा हाच, की शेवटी काय मिळवलं? गेल्या वर्षी मुंबईतल्या एका कार्यक्रमासाठी हाच मित्र मोबाइलवरच्या ऑनलाइन रांगेत दुपारभर ताटकळला होता आणि 'कन्व्हिनियन्स फी'चा आकडा बघून त्यानं हासडलेल्या शिव्या मी फोनवर ऐकल्या होत्या. त्याला त्याची आठवण करून दिली. तर म्हणतो, विषय बदलू नकोस.

शिकागोचं रेकॉर्डिंग पाठवलंय त्याला. अजून ब्लू टिक आलेली नाही.