‘ओळख नसेल तर अर्ज करू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या व्हॉट्सअॅप गटांवर आला. छोट्या संस्थांना निधी कसा मिळतो, याचं म्हणे त्यात ‘खरं चित्र’ आहे. मजकूर थोडक्यात असा : खासगी फाउंडेशनचे पैसे आधीच ओळखीतल्यांना वाटलेले असतात, त्यामुळे तिथे अर्ज करू नका. ८०जी, १२ए (या दोन्ही प्राप्तिकर सवलतीच्या नोंदण्या) आणि सीएसआर-१ (कंपन्यांचा सामाजिक निधी, म्हणजे सीएसआर, घेण्यासाठीची नोंदणी) काढून ठेवा; कंपन्यांना नफ्याचे २ टक्के द्यावेच लागतात, त्या नाही म्हणू शकत नाहीत. प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर गेला की अर्ज बाद होतो, म्हणून ऑफिसचे पगार दाखवू नका. जाणकाराकडून एक इंग्रजी प्रपोजल करून घ्या, तो मंजूर रकमेच्या १० टक्के घेईल, आणि तेच ५० ठिकाणी पाठवा. एफसीआरए (परदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी नोंदणी) नसेल तर ज्या मोठ्या संस्थेकडे ती आहे तिच्या खात्यातून परदेशी पैसे घ्या.

मी बीड जिल्ह्यात ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेचे अर्ज आणि हिशेब बघते. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत मला आदर असलेली माणसं आहेत आणि त्यांचा हेतू चांगलाच आहे. पण या सल्ल्यावर चालणाऱ्या संस्थेचं नुकसान होतं, आणि त्यातल्या एका सल्ल्याने तर ती कायद्याच्या कचाट्यात सापडते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ओळखीचं. यात खरं आहे ते मान्य करते. बरीच फाउंडेशन्स न मागवलेले अर्ज घेतच नाहीत; स्वतः संस्था शोधतात आणि बोलावतात. तसं त्यांच्या वेबसाइटवर स्पष्ट लिहिलेलं असतं आणि तिथे अर्ज पाठवणं म्हणजे आपलेच दिवस वाया घालवणं. पण म्हणून दार बंदच आहे, हे खरं नाही. काही फाउंडेशन्स खुले अर्ज मागवतात. आणि जिथे बोलावून देतात तिथेही फाउंडेशनच्या कार्यक्रम अधिकाऱ्याला संस्थेचं नाव कुठून तरी कळावंच लागतं. आमचं नाव एका जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिकेने सांगितलं. तिच्या पटावरची मुलं नोव्हेंबरनंतर गळायची थांबली होती, आणि ती का थांबली हे तिला माहीत होतं. मेसेजवाल्यांना ही ‘ओळख’ वाटत असेल तर वाटो. मी तिला काम म्हणते.

२ टक्क्यांचा मुद्दा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. कंपनी कायदा २०१३ मधलं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी काहीही एक गाठतं, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे, असा तो नियम. खासगी फाउंडेशनचं दान या नियमातून आलेलं नाही. सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ मध्ये उभा राहिला, म्हणजे या कलमाच्या ९५ वर्षं आधी. अशा न्यासाला तुम्हाला काहीही देणं बंधनकारक नाही. त्याची स्वतःची उद्दिष्टं असतात आणि तुमचं काम त्यांत बसलं पाहिजे.

कंपनीलाही ‘तुम्हालाच’ देणं बंधनकारक नाही. खर्च न झालेली रक्कम परिशिष्ट ७ मधल्या पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसारख्या निधीत भरण्याची वाट कायद्यातच आहे. सीएसआर-१ म्हणजे फक्त नोंदणी क्रमांक. तो १ एप्रिल २०२१ पासून लागतो, आणि आमच्यासारख्या स्वतंत्र संस्थेला त्याच्या जोडीला तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभवही दाखवावा लागतो. मेसेजने सांगायला हवी होती ती गोष्ट मात्र त्यात नाही. कंपनीने आपल्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यावं, असं हेच कलम म्हणतं. त्यामुळे कारखान्यांच्या पट्ट्यातल्या चाकणच्या संस्थेने अर्ज करायच्या कंपन्यांची यादी आणि आमच्या तालुक्यातल्या संस्थेची यादी एकच असू शकत नाही. आमच्याकडे कारखानदारी नाही. आमची माणसं जिथे ऊस तोडायला जातात, तिथली कंपनी आमच्यासाठी ‘जवळची’ ठरते का, हा प्रश्न आम्ही प्रत्येक अर्जात मांडतो.

आता ५ टक्के. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण ही चूक मी स्वतः केली आहे.

ही ५ टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीला आहे. कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभारावर एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांहून जास्त खर्च करायचा नाही, असा तो नियम. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यात धरला जात नाही. दुसरी मर्यादा एफसीआरएची. २०२० च्या दुरुस्तीने परदेशी निधीतला प्रशासकीय खर्च ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणला, आणि तिथेही शाळेतल्या शिक्षकाचा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार प्रशासकीय धरत नाहीत. देशी खासगी फाउंडेशनला यांतला कुठलाही आकडा लागू नाही. प्रत्येकाचं धोरण वेगळं असतं आणि ते विचारता येतं. ईमेल करून विचारा. विचारलं म्हणून आमचा अर्ज कुणी बाद केलेला नाही.

आमच्या पहिल्या मोठ्या अर्जात मी हिशेबनिसाच्या पगारापुढे शून्य लिहिलं. हंगामात आई-वडील टोळीबरोबर गेल्यावर मागे राहणाऱ्या ४० मुलांची राहण्याजेवणाची सोय करायची होती. किराणा, गॅस, स्वयंपाकाच्या दोन मावशी, रात्री मुक्कामाला एक ताई, औषधं, एवढंच दाखवलं. मंजुरी आली, पहिला हप्ता आला. दुसऱ्या हप्त्यासाठी सीएच्या सहीचं विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाले, याचा दाखला) लागणार होतं. पावत्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होत्या. काही पावत्यांवर दुकानाचा शिक्का नव्हता, काहींवर तारीख नव्हती. हे सगळं लावायला माणूसच नव्हता, कारण मीच लिहून दिलं होतं की त्याची गरज नाही. दुसरा हप्ता अडीच महिने उशिरा आला. तेवढे दिवस मुलं गावातल्या दुकानदाराच्या उधारीच्या वहीवर जेवली आणि मावशींचे पैसे थकले. त्यातल्या एक मावशी जानेवारीत उरलेल्या हंगामासाठी कोयता घेऊन निघून गेल्या. त्यांना मी काय तोंडाने थांबवणार होते?

पुढच्या अर्जात सरळ मांडलं. अर्धवेळ हिशेबनीस महिना ८ हजार, म्हणजे वर्षाचे ९६ हजार. लेखापरीक्षण २५ हजार. खोलीचं भाडं आणि इंटरनेट महिना ३ हजार, म्हणजे ३६ हजार. एकूण १ लाख ५७ हजार. सगळं काम ९ लाखांचं, म्हणजे हा खर्च सतरा टक्क्यांच्या वर. प्रत्येक ओळीखाली तो कशासाठी, हे दोन वाक्यांत लिहिलं. फाउंडेशनच्या अधिकाऱ्याने फोन करून एवढंच विचारलं की हिशेबनीस किती दिवस येणार. रक्कम मंजूर झाली. एका ठिकाणी मंजूर झालं म्हणून सगळीकडे होईल, असं मी म्हणत नाही; दुसऱ्या एका ठिकाणी याच आकड्यावर नकारही आला. पण शून्य लिहिणारी संस्था पुढच्या वर्षी पुन्हा शून्यच लिहिते, आणि तिचा हिशेब कायम डब्यात राहतो.

१० टक्केवाल्या जाणकाराबद्दल : अनुदान ज्या कामासाठी मंजूर झालं त्याच कामावर खर्च करायचं असतं. त्यातून दलाली दिली तर ती विनियोग प्रमाणपत्रात कोणत्या शीर्षाखाली दाखवणार? खोटं शीर्ष लिहावं लागतं, आणि खाली सही विश्वस्तांची असते. लिहायला मदत हवी असेल तर ठरलेली फी द्या, ती संस्थेच्या स्वतःच्या पैशातून द्या, आणि अर्ज मंजूर होवो न होवो, तीच द्या.

एकच प्रपोजल ५० जागी पाठवण्यातला तोटा मी असं एक प्रपोजल वाचलं तेव्हा कळला. ऊसतोडीवरच होतं. त्यात स्थलांतर होतं, वंचितता होती, सक्षमीकरण होतं. पण मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडायला नवरा-बायको दोघांनाही जावं लागतं, हे कुठेच नव्हतं. ज्या घरात आजी आहे तिथलं मूल मागे राहतं, आजी नसेल तर ते फडावर जातं आणि तिथे कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळतं, हेही नव्हतं. आम्ही आता अर्ज आधी मराठीत लिहितो, मावशी आणि ताई बसलेल्या असताना. मग इंग्रजी करतो. इंग्रजी साधंच असतं. आणि वेळापत्रक उलटं मोजतो : टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतात, निर्णयाला सहा-सहा महिने लागतात, म्हणजे अर्ज होळीच्या आसपास गेला पाहिजे. या हिशेबात वर्षाला पाच-सहा चांगले अर्ज होतात. तेवढे पुरेत.

एफसीआरएचा सल्ला मात्र कृपा करून कुणीही पाळू नका. एका संस्थेने घेतलेले परदेशी पैसे दुसऱ्या संस्थेला देण्यावर २०२० च्या दुरुस्तीने पूर्ण बंदी घातली आहे, घेणाऱ्याकडे स्वतःची नोंदणी असली तरीही. त्या मोठ्या संस्थेची नोंदणी जाऊ शकते आणि तिच्या जिवावर चाललेली कामं बंद पडू शकतात. स्वतःची नोंदणी हवी तर साधारणपणे संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख खर्च केलेली लागते. तोवर देशी पैसा शोधा.

आणि एक गोष्ट, जी त्या मेसेजमध्ये नाही आणि जिच्यावर मी पाहिलेले सगळ्यात जास्त अर्ज अडले आहेत. फाउंडेशन शेड्यूल-१ ची, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नावांच्या नोंदीची, नक्कल मागतं. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती, द्यायचा असतो. तो दिलेला नसतो, किंवा दिलेला असतो आणि वर्षानुवर्षं मंजूर झालेला नसतो. मग अर्जावर सही एकाची आणि नोंदीत नाव दुसऱ्याचं. शेजारच्या तालुक्यातल्या एका संस्थेच्या नकलेवर अजून दोन दिवंगत विश्वस्तांची नावं आहेत. त्यांची सुनावणी येत्या मंगळवारी आहे. त्यांच्या सचिवताईंना मी सोबत येते म्हणून सांगितलंय. मृत्यूचे दाखले आणि ठरावाची वही घेऊन आम्ही सकाळच्या पहिल्या एसटीने निघणार आहोत.