लिंक तुटल्यावर कंट्रोलर नवा मार्ग काढेल, या भरवशावर राहू नका

एसडीएन म्हणजे सगळ्या स्विचांचे मार्ग कंट्रोलर नावाच्या एका मध्यवर्ती सॉफ्टवेअरने ठरवायची पद्धत. तिच्याबद्दल एक दावा सर्रास फिरतो: "कंट्रोलरला अख्खं नेटवर्क दिसतं. लिंक तुटली की त्याला लगेच कळतं आणि काही मिलिसेकंदांत तो नवा मार्ग बसवतो. त्याहून घाई असेल तर फास्ट फेलओव्हर ग्रुप (स्विचमध्येच बसवलेली पर्यायी वाटांची यादी) लावा, काम झालं. बॅकअप मार्ग आधीच आखून ठेवायची जुनी खटपट आता नको." एकेक मुद्दा घेऊ.

"लगेच कळतं." पोर्टवरचा सिग्नल गेला तरच. दोन स्विचांच्या मध्ये मीडिया कन्व्हर्टर किंवा भाड्याचं इथरनेट सर्किट असेल, तर पलीकडे फायबर तुटूनही इकडचा पोर्ट चालूच दिसू शकतो. मग कंट्रोलरच्या हाती उरतात एलएलडीपी पॅकेटं (लिंक शोधायला स्विचांमधून पाठवलेले छोटे संदेश). ती सहसा काही सेकंदांच्या अंतराने जातात आणि लिंक मेली असं ठरवायला त्याहून जास्त वेळ लागतो. इथे बीएफडी हवं (त्यात दोन टोकं एकमेकांना सतत जिवंतपणाची खूण पाठवतात): 10 मिलिसेकंदांना एक पॅकेट, लागोपाठ 3 चुकली की लिंक बंद, म्हणजे साधारण 30 मिलिसेकंदांत निदान. पण ते नुसतं चालू करून भागत नाही. ओपन व्हीस्विच या सॉफ्टवेअर स्विचमध्ये पाठवण्याचं मूळ अंतर 100 मिलिसेकंद आणि घेण्याचं 1000 असतं. दोन्ही टोकांना तेच राहू दिलं, तर मोठा आकडा लागू होतो आणि निदानालाच 3 सेकंद जातात. उलट अंतर फारच कमी केलं, तर सीपीयूवर ताण आला की धडधाकट लिंकही मेलेली ठरते.

"काही मिलिसेकंदांत नवा मार्ग." मार्ग शोधणं स्वस्त आहे, वेळ खातं ते स्विचमध्ये लिहिणं. पोर्ट-स्टेटस संदेश कंट्रोलरपर्यंत जायचा, बाधित फ्लो (ट्रॅफिकचे प्रवाह) निवडायचे, मार्गावरच्या प्रत्येक स्विचला फ्लो-मॉड (नियम बदलायचे आदेश) पाठवायचे आणि नोंदी खरोखर टीकॅममध्ये, म्हणजे स्विचच्या नियम साठवणाऱ्या मेमरीत, बसेपर्यंत थांबायचं. नोंदी प्राधान्यक्रमाने ठेवायच्या असल्याने जुन्या सरकवाव्या लागतात आणि टेबल जितकं भरलेलं तितका उशीर. गूगलने 2013 साली आपल्या डेटा सेंटरं जोडणाऱ्या बी4 नेटवर्कचे आकडे प्रसिद्ध केले, ते इथे बोलके आहेत: एकच लिंक गेली तर सुमारे 4 मिलिसेकंद ट्रॅफिकचं नुकसान, पण एक मधला राउटर गेला तर 3.3 सेकंद, कारण शेजारच्या राउटरला त्यातून जाणाऱ्या अनेक टनेलांच्या नोंदी आपल्या टेबलात बदलाव्या लागल्या. 10 गिगाबिटची लिंक भरून वाहत असेल, तर एसडीएच या जुन्या दूरसंचार तंत्राच्या 50 मिलिसेकंदांच्या मापदंडातही 62.5 मेगाबाइट डेटा वाया जातो. सेकंदांचा हिशोब यावरून करा.

"फास्ट फेलओव्हर लावा, काम झालं." ही सोय ओपनफ्लोच्या (कंट्रोलर आणि स्विच यांच्यातल्या संवादाच्या नियमावलीच्या) 1.1 आवृत्तीपासून, म्हणजे 2011 पासून आहे आणि ती लावावीच. ग्रुपमधल्या प्रत्येक बकेटला (एका पर्यायाच्या कप्प्याला) एक पोर्ट नेमून देतात आणि जिवंत असलेलं पहिलं बकेट वापरलं जातं. कंट्रोलरला विचारावं लागत नाही, वेग येतो तो त्यातूनच. पण बकेटात काय भरायचं, हे आधीच ठरवावं लागतं. म्हणजे ज्या खटपटीला दावा निरोप देतो, तीच करावी लागते.

त्यातही ही सोय फक्त जागच्या जागी वळवते. समजा अ–ब–क असा मार्ग आहे, ब–क तुटली आणि ब ला दुसरी वाटच नाही. पॅकेट अ कडे परतवावं लागेल. इथे हमखास चूक होते: बकेटात अ कडच्या पोर्टचा नंबर लिहिला जातो, आणि पॅकेट त्याच पोर्टवरून आलेलं असल्याने स्विच ते गुपचूप टाकून देतो. तिथे इन-पोर्ट हा राखीव पोर्टच लिहावा लागतो. शिवाय परतताना व्हीलॅन किंवा एमपीएलएसची खूण चिकटवा, आणि त्या खुणेसाठी अ वर पर्यायी वाटेचा वेगळा नियम ठेवा. नाहीतर अ ते पुन्हा ब कडे पाठवेल आणि पॅकेट दोघांत फिरत राहील.

बॅकअप नियमांना आयडल टाइमआउट ठेवू नका. त्यांच्यावर एरवी ट्रॅफिकच नसतं, त्यामुळे गरज पडायच्या आत ते पुसले जातात. लिंक परतली की ग्रुप तत्काळ पहिल्या बकेटवर उडी मारतो, मग लिंक लुकलुकत असेल तर ट्रॅफिकही तिच्यासोबत हेलकावे खातो. थांबून परतण्याची सोय ग्रुपमध्ये नाही, ती लिंक जिवंत ठरवणाऱ्या यंत्रणेत करावी लागते.

"अख्खं नेटवर्क दिसतं." दिसतो तो आलेख, म्हणजे कोणता स्विच कोणाला जोडलाय एवढंच. दोन वेगळ्या लिंकांची फायबर एकाच डक्टमधून जातात, हे कंट्रोलरला कोणीतरी भरून दिल्याशिवाय कळत नाही. कंट्रोल चॅनल (स्विच आणि कंट्रोलर यांच्यातला संवाद) त्याच लिंकांवरून जात असेल, तर तुटलेल्या बाजूचा स्विच कंट्रोलरलाच मुकतो. तेव्हा फेल-सिक्युअर मोडमध्ये बसवलेले नियम चालू राहतात. फेल-स्टँडअलोनमध्ये ओपन व्हीस्विच साध्या लर्निंग स्विचसारखा वागू लागतो, आणि रिंगमध्ये स्पॅनिंग ट्री (पॅकेटांचे फेरे तोडणारी यंत्रणा) नसेल तर ब्रॉडकास्टचं वादळ उठतं.

चाचणी घेताना पूर्ण केबल उपटू नका. जोडीतला एकच फायबर काढा, म्हणजे एका टोकाला सिग्नल गेलेला आणि दुसऱ्याला सगळं ठीक असल्याचा भास, ही खरी अवघड अवस्था तयार होते. सेकंदाला 1000 पॅकेटं दोन्ही दिशांनी सोडा. हरवलेलं प्रत्येक पॅकेट म्हणजे 1 मिलिसेकंद, आणि दोन्ही दिशांचे आकडे वेगवेगळे नोंदवा.